पिठाचं लग्न

त्या शनिवारी पिठाचं लग्न बुटाच्या पॉलिशशी लागलं होतं. आदल्या आठवड्यात ते उंदराच्या सापळ्याशी लागलं होतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात जांभळ्या शाईच्या दौतीशी. आन्स कोराय गावच्या बायका सिप्रियन लेझामाच्या दुकानात शिरल्या की भाव विचारत नसत. "आज नवरा कोण?" असंच विचारत.

हा सगळा लढाईचा प्रताप. जर्मन पाणबुड्या त्रिनिदादच्या भोवती शार्कसारख्या फिरत होत्या आणि येणारी जहाजं बुडवत होत्या. पीठ, तांदूळ, खारा मासा, डब्यातलं दूध, सगळ्याचीच टंचाई. जे थोडंफार बंदराला लागायचं त्याच्या गळ्यात शहरातले व्यापारी आपला वर्षानुवर्षं न खपलेला माल बांधून द्यायचे. पीठ हवं तर सापळाही घ्या. सापळा नको तर पीठही नाही. सगळ्या बेटावर ह्याला माल 'लग्न लावून' विकणं म्हणत. लोक हसून म्हणत, पण जोडा मुकाट्यानं घरी नेत, कारण पोटात नसलं की हसू फार टिकत नाही.

अल्फॉन्सिन नोरिएगा त्या दिवशी कोकोच्या मळ्यावरून थेट दुकानात आली. सकाळभर तिनं इतर बायकांबरोबर कोको नाचवला होता. म्हणजे वाळलेल्या बियांच्या ढिगावर अनवाणी पायांनी गोल गोल नाचून त्यांना चकाकी आणली होती. पायांना अजून तो तांबूस लगदा चिकटलेला. उंच, हाडापेरानं मजबूत, चाळिशीची बाई. आवाज असा की मळ्याच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाची गाढवं कान टवकारत.

"दोन पौंड पीठ दे, सिप्रियन," ती म्हणाली. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर मार खाऊन मोठे झालेले, त्यामुळे तिला तो मिस्टर लेझामा कधीच वाटला नाही.

सिप्रियननं पीठ तोललं, कागदात बांधलं आणि त्यावर पॉलिशची डबी ठेवली.

"डबी नको."

"डबी नको तर पीठ नाही. जोडा आहे."

"अरे, गावात बूट घालणारी माणसं तीन. तू, सार्जंट आणि पाद्रीबाबा. मी हे पॉलिश कुठे लावू? पायाला? पायाला कोको लावते, तो फुकट आहे."

मागे उभ्या असलेल्या बायका खिदळल्या. सिप्रियनही ओठ मुडपून हसला. माणूस तसा वाईट नव्हता. मग त्यानं हात पसरून नेहमीचं वाक्य म्हटलं, "लढाई आहे, अल्फॉन्सिन. मी काय करणार?"

हे वाक्य तो दिवसातून कितीदा म्हणत असेल, देव जाणे. पण त्या दिवशी ते तिच्या कानात वेगळंच शिरलं.

"लढाई तुझ्या दुकानात आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटलं समुद्रावर आहे. माझा नवरा तरी तिथेच गेला."

दुकानातलं हसणं थांबलं. अल्फॉन्सिनचा नवरा अन्सेल्म शिडाच्या गलबतावर खलाशी होता. मुख्य भूमीवरच्या देमेराराहून तांदूळ आणता आणता त्याचं गलबत पाणबुडीनं फोडलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. दोन खलाशी लाकडाला धरून किनाऱ्याला लागले. अन्सेल्म लागला नाही.

"तुझ्या दुकानात तांदूळ यावा म्हणून गेला तो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "त्यानं मला कधी सांगितलं नाही की मी मरतो, आणि माझ्याबरोबर उंदराचा सापळाही घे." तिनं पिठाचा पुडा दोन बोटांनी त्याच्याकडे ढकलला. "मी विधवा बाई आहे, सिप्रियन. मला एकटं पीठ लागतं. जोडप्यानं काही नेणार नाही तुझ्या दुकानातून. आज नाही, कधीच नाही."

ती बाहेर पडली. तिच्या मागच्या बाईनं तोच पुडा तीच डबी घेऊन उचलला, ते तिनं दारातून पाहिलं. तिला राग आला नाही. त्या बाईला पाच पोरं होती.

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर सरकारनं छापील जाहीरनामा चिकटवला होता. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायची सक्ती करील तो शिक्षेला पात्र, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. अल्फॉन्सिन त्यावर बोट ठेवून उभी राहिली आणि सार्जंट गिटन्सला म्हणाली, "हे वाचा."

सार्जंट बार्बाडोसचा, शिस्तीचा भोक्ता, मिशीला रोज मेण लावणारा. "मला वाचता येतं, बाई."

"मग चला दुकानात."

"साक्षीदार आणा. तुम्ही म्हणता, तो नाही म्हणेल. मग मी काय करू? दुसऱ्या कोणाला असं झालं असेल तर ती सही करू दे."

झालं सगळ्यांनाच होतं. सही करायला मात्र कोणी तयार नव्हतं. गावात दुकान एकच. सिप्रियननं तोंड फिरवलं तर पुढचं दुकान डोंगरापलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आणि बायका आपसात हेही कुजबुजत की सार्जंटचं पीठ मागच्या दारानं जातं, बिनलग्नाचं. ते खरं होतं की नाही कोण जाणे, पण त्याच्या घरातून खोबऱ्याच्या भाकरीचा वास येत असे आणि दारात सापळा काही दिसत नसे.

अल्फॉन्सिननं पीठ सोडलं. कसावा किसून, पिळून, तव्यावर त्याची भाकर टाकायची. नीरफणस भाजायचा. अळूचे कंद, हिरवी केळी, समुद्रावर मिळाला तर मासा. उपाशी कोणी मरत नव्हतं त्या खाण्यावर, पण माणसाला ज्याची सवय असते त्याची भूक वेगळी असते. रविवारी शेजारून पिठाच्या भाकरीचा वास आला की ती खिडकी लावून घेई.

तिची सगळ्यात जवळची वितालीन. वितालीनच्या तान्ह्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना माकोमे म्हणत. त्या नात्यात बहिणीपेक्षा जास्त हक्क असतो. एक दिवस तोच हक्क बजावत वितालीन म्हणाली, "माकोमे, तू एकटीच हटून बसलीस, त्यानं काय झालं? सिप्रियनचं काय वाकडं झालं? घे ना ती डबी आणि दे फेकून."

"फेकायला पैसे देऊ?"

"सगळ्याच देतात."

"म्हणून तर तो मागतो."

"तुझं ठीक आहे गं," वितालीनच्या तोंडून निघून गेलं, "तुला लेकरू नाही."

अल्फॉन्सिननं कसावा किसायचं थांबवलं, मग पुन्हा किसू लागली. वितालीन मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. दोघी बरेच दिवस बोलल्या नाहीत. चर्चमध्ये एकाच बाकावर बसत आणि दोघींच्या मधे एक टोपी ठेवलेली असे.

मग एका दुपारी वितालीनच दारात आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि हसत होती. हसणं काही बरं नव्हतं.

"आज दुधाचं लग्न आहे, माकोमे. नवरा कोण सांग."

"कोण?"

"दाढीचा ब्रश." ती उंबऱ्यावर मटकन बसली. "एका डब्यापुरते पैसे होते माझ्याकडे. ब्रशाचे नव्हते. मी म्हटलं, मिस्टर सिप, मुलगी सात महिन्यांची आहे, तिला दाढी कधी येणार? सगळे हसले. मीसुद्धा हसले. आणि दूध न घेता आले." मग ती रडायला लागली. मुलीला तिनं आरारूटचं पाणी पाजलं होतं. ते पोर कडेवर बोट चोखत पडून होतं, रडायचाही कंटाळा आल्यासारखं.

अल्फॉन्सिननं काही विचारलं नाही. आपल्याकडचे पैसे काढले, वितालीनच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "जा. ब्रशासकट घेऊन ये."

"तू म्हणतेस? तू?"

"पोरीला आधी पाज. ब्रश मात्र टाकू नकोस. तो मला हवाय."

त्या दोघी पुन्हा एकत्र बसल्या तेव्हा तिसरी होती म्हातारी तांती सेलेस्त. तांती म्हणजे गावाची मावशी. तरुणपणी ती कार्निव्हलच्या बँडपुढे गाणारी होती. तिच्या एका ओळीनं भल्याभल्यांची अब्रू जायची आणि ते लोक पुढच्या वर्षी तिला पैसे देऊन आपलं नाव वगळायला सांगायचे. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. कार्निव्हल जवळ आला होता आणि सरकारनं लढाईपायी तो ह्याही वर्षी बंद ठेवला होता.

"मुखवटा नको, सोंग नको, ढोल नको," तांती सेलेस्त कसावा सोलता सोलता कुरकुरत होती. "रस्त्यावर चार माणसं एका चालीनं चालली तर म्हणे मिरवणूक. सार्जंट ठाण्यासमोर वाचून दाखवत होता. फक्त मयत आणि लग्न एवढंच चालेल. म्हणजे मी नाचायचं तर माझ्याच मयतीत."

अल्फॉन्सिनचा हात थांबला. "लग्नाला बंदी नाही?"

"नाही म्हणे. लग्नाची वरात काढायला परवाना लागत नाही."

अल्फॉन्सिन दोघींकडे पाहू लागली. "आपल्या गावात दर शनिवारी लग्न लागतंय," ती म्हणाली, "आणि आजवर एकाचीही वरात निघाली नाही?"

तांती सेलेस्त आधी समजली. तिनं सुरी खाली ठेवली आणि असं हसली की तिचे उरलेले तीन दात दिसले.

कार्निव्हलचा सोमवार आता कामाचाच दिवस. त्याच दिवशी शाळेच्या पटांगणात 'अधिक अन्न पिकवा' म्हणून सरकारी प्रदर्शन भरणार होतं. वॉर्डनसाहेब, म्हणजे त्या सगळ्या जिल्ह्याचे सरकारी प्रमुख, स्वतः येऊन सगळ्यात मोठ्या भोपळ्याला बक्षीस देणार होते. अल्फॉन्सिन आणि वितालीन घरोघर फिरल्या. बायका ऐकून आधी पोट धरून हसत आणि मग गप्प होत.

"मिस्टर सिप आम्हाला दुकान बंद करेल," असं प्रत्येकीनं म्हटलं.

"एकीला करेल," अल्फॉन्सिन म्हणे. "मला केलंच आहे. सगळ्यांना केलं तर पॉलिश विकणार कोणाला? खेकड्यांना?"

"आणि सार्जंट?"

"सार्जंटनं साक्षीदार मागितलाय. आपण त्याला वऱ्हाड देऊ."

तरी सोमवारी कोण येईल ह्याची तिला खात्री नव्हती. सकाळी ती आपला काळा रविवारचा झगा आणि टोपी घालून रस्त्यावर उभी राहिली. हातात नवरी. पिठाच्या रिकाम्या पोत्यात सुकं गवत भरलेलं, वर मच्छरदाणीचा पदर. शेजारी वितालीन, तिच्या हातात नवरदेव. बांबूच्या काठीला पॉलिशची डबी हे तोंड, आणि त्यावर दाढीचा ब्रश हे केस. बराच वेळ त्या तिघीच होत्या. तांती सेलेस्त दगडावर बसून म्हणाली, "गरिबाघरचं लग्न दिसतंय."

मग वळणावरून ताशाचा आवाज आला. खालच्या हिंदुस्थानी मजुरांच्या वस्तीतली भाजीवाली सनीचरी आपल्या दोन्ही भावांना घेऊन आली होती. त्यांच्या गळ्यात ताशे, आणि तिच्या डोक्यावर उंदराच्या सापळ्यांची टोपली.

"लग्न म्हटलंस ना?" सनीचरी म्हणाली. "आमच्यात ताशाशिवाय लग्न नसतं. आणि हे घे, माझ्या तांदळाचे सगळे नवरे. चावतात हं, जपून."

ताशा वाजला आणि दारं उघडली. पहिल्यांदा ती पाच पोरांची बाई आली, पाचही पोरांना एकेक डबी देऊन. मग दुसऱ्या, तिसऱ्या. रविवारचे झगे, टोप्या, कोणाचे हातमोजेसुद्धा. हातात सापळे, शाईच्या दौती, पॉलिश, केसांना लावायचं कोणीच न लावलेलं व्हायोलेटचं तेल. खाटांखालून, माळ्यावरून, कोंबड्यांच्या खुराड्यातून सगळा माल बाहेर आला होता. वरात सरकू लागली. तांती सेलेस्त दोघींच्या खांद्यावर हात टाकून मधे चालत होती, आणि तिनं सूर लावला.

"पीठबाई, पीठबाई, कसा गं नवरा केला?
तोंड त्याचं काळं आणि खिशात नाही धेला!"

आणि मागून सगळ्या बायका एका घशानं:

"लढाई आहे गं बाई, लढाई आहे!"

दुकानावरून वरात गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. सिप्रियन प्रदर्शनात होता. एका बक्षिसाचा दाता म्हणून त्याला मंचावर खुर्ची मिळाली होती. ठाण्यासमोर मात्र सार्जंट गिटन्स रस्ता अडवून उभा राहिला.

"थांबा! परवानगी कुठे आहे?"

ताशा थांबला नाही, हळू झाला.

"कसली परवानगी, सार्जंट? वरात आहे," अल्फॉन्सिन म्हणाली.

"कोणाची वरात?"

"पिठाची."

"मला वेडं समजता? पिठाचं कुठे लग्न होतं?"

"हेच लिहून द्या," ती म्हणाली. "पिठाचं लग्न होत नाही, असं एका कागदावर लिहा आणि खाली सही करा. आम्ही दुकानात तेच तर सांगतोय."

मागे हशा उसळला. सार्जंटच्या मिशीचं एक टोक थरथरलं. रागानं की हसू दाबून, ते कळलं नाही. त्यानं दंडुका आडवा धरला. पण समोर त्याला रोज सकाळी नमस्कार करणाऱ्या, चर्चमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या, टोप्या घातलेल्या बायका होत्या. दंडुका कोणावर उगारावा हे त्याला सुचेना. वरात त्याच्या दोन्ही बाजूंनी, नदीचं पाणी दगडाला वळसा घालून जावं तशी निघून गेली. तो मागून "मी बजावतोय, मी बजावतोय" म्हणत येत राहिला.

पटांगणात वॉर्डनसाहेबांचं भाषण चाललं होतं. साम्राज्यासाठी प्रत्येकानं झळ सोसली पाहिजे, असं ते सांगत होते, आणि टेबलावर भोपळे, रताळी, केळीचे घड मांडलेले. ताशाच्या आवाजानं ते थांबले. मंचावर सिप्रियननं वरात पाहिली आणि त्याचं तोंड कसाव्यासारखं पांढरं पडलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

अल्फॉन्सिन नवरीला हातात घेऊन पुढे गेली. तिला भीती वाटत होती. हे तिनं नंतर कबूल केलं, त्या वेळी कोणाला दिसलं नाही.

"साहेब, आम्ही झळ सोसली. माझा नवरा तांदळासाठी समुद्रात गेला, त्याला मी परत मागायला आले नाही. सरकारनं पीठ कमी दिलं, कमी खाल्लं. दिवे लावू नका म्हटलं, अंधारात बसलो. कार्निव्हल नको म्हटलं, तोही सोडला. पण हे सोसायला कोणत्या राजानं सांगितलंय, ते सांगा." आणि तिनं नवरीला सगळ्यात मोठ्या भोपळ्यावर बसवलं. "सार्जंट म्हणाले साक्षीदार आणा."

ती मागे वळली. क्षणभर कोणी हललं नाही. मग वितालीन पुढे झाली, मुलीला कडेवर घेऊन, आणि तिनं दाढीच्या ब्रशवाला नवरदेव टेबलावर ठेवला. "माझ्या पोरीच्या दुधाबरोबर दिला," ती म्हणाली. "वितालीन बातिस्त माझं नाव. लिहा." तिच्यामागून सनीचरीनं सापळे ओतले. एक खटकन मिटला आणि रताळ्याला चावला. मग रांगच लागली. प्रत्येक बाई वस्तू ठेवायची, कशाबरोबर मिळाली ते सांगायची, आपलं नाव सांगायची. भोपळे दिसेनासे झाले.

वॉर्डनसाहेबांची मान लाल होत गेली. सगळं गाव बघत होतं, शाळेची पोरंसुद्धा. शेवटी ते सार्जंटला म्हणाले, "तुमचं कर्तव्य करा." सार्जंटनं विचारलं, "कोणतं, साहेब?" आणि साहेब दातांतून म्हणाले, "दोन्ही."

म्हणून त्या दिवशी दोघांवर खटले भरले गेले. सिप्रियनवर जोडमाल विकल्याचा, अल्फॉन्सिनवर परवान्याशिवाय मिरवणूक काढल्याचा.

सांग्रे ग्रान्दे ह्या मोठ्या गावच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं तिला विचारलं, "गुन्हा कबूल?"

"वरात काढली, हे कबूल. गुन्हा कोणाचा ते तुम्ही बघा. पुन्हा लग्न लागलं तर मी पुन्हा काढीन."

दंड, नाहीतर दहा दिवस कैद, असा निकाल लागला. बायकांनी दंडाची वर्गणी आणली होती. अल्फॉन्सिननं ती वितालीनकडे परत दिली. "ह्याचं दूध आण. दंड भरला तर मी चुकले असं होतं." आणि ती पोलिसांच्या गाडीत स्वतःच्या पायांनी चढली, टोपी सरळ करून. तुरुंगात तिनं चादरी धुतल्या. अन्न वाईट होतं, पण तिथल्या पावाबरोबर कोणी पॉलिश देत नाही, असं ती पहारेकरणीला म्हणाली, आणि ती बाई भिंतीकडे तोंड करून हसली.

सिप्रियनला तिच्यापेक्षा मोठा दंड झाला. त्यानं कोर्टात हात जोडून सांगितलं होतं की शहरातला घाऊक व्यापारी त्यालाही पोत्यामागे एक खोका घ्यायला लावतो. मॅजिस्ट्रेट म्हणाले, तो व्यापारी ह्या कोर्टापुढे नाही.

अल्फॉन्सिन परत आली तेव्हा तिला वाटलं होतं गावात भाकरीचा वास असेल. नव्हता. दुकानाचं दार अर्धं उघडं, आत फळ्या रिकाम्या, आणि गल्ल्यामागे सिप्रियन नुसता बसलेला. वाढलेली दाढी, सुरकुतलेला सदरा.

"ये," तो म्हणाला. "तू जिंकलीस. पीठ आता एकटंच आहे. कुठे आहे ते मात्र मला माहीत नाही. मी शहरात गेलो, म्हटलं जोड नको. व्यापारी म्हणाला, मग पीठही नको. पुन्हा येऊ नका."

बाहेर दोघी-तिघी तिच्याकडे न बघता गेल्या. कोणीतरी पुटपुटलं, "पॉलिशसकट का होईना, मिळत तरी होतं." तिला ते लागलं. तुरुंगात लागलं नव्हतं इतकं लागलं.

"मागची खोली बघ," सिप्रियन म्हणाला आणि दार ढकललं. आत छतापर्यंत खोके रचलेले. पॉलिश, सापळे, शाई, आणि अजून न उघडलेलं काय काय. "हे सगळं मी पैसे देऊन घेतलंय. तुला वाटलं मी मजा करतो? तुमच्या गळ्यात एक डबी बांधत होतो, माझ्या गळ्यात हे बांधलंय."

अल्फॉन्सिन त्या ढिगाकडे बघत राहिली. "हे आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली. आणि... तुमच्यावर ढकलणं सोपं होतं."

तिनं खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "शुक्रवारी पहिल्या बसनं शहरात जायचं. तू पुढे, आम्ही मागे."

"वेडी आहेस का? माझा परवाना जाईल!"

"परवाना कशाचा? रिकाम्या फळ्या विकण्याचा?"

 शुक्रवारी सिप्रियन बसच्या थांब्यावर दाढी करून, बूट घालून उभा होता. बायका तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आल्या. पुटपुटणाऱ्याही आल्या.

त्या व्यापाऱ्याची वखार बंदराजवळ होती. बाहेर हमाल पोती वाहत होते, लढाईपायी बेटावर आलेले अमेरिकन शिपाई सिगारेट ओढत उभे होते. वखारीच्या पायऱ्यांवर रविवारच्या टोप्यांची गर्दी झाली तेव्हा कारकून चष्मा सावरत बाहेर आला.

"किरकोळ विक्री नाही इथे. फक्त दुकानदारांना."

"दुकानदार हा काय," अल्फॉन्सिननं सिप्रियनला खांद्याला धरून पुढे केलं. "ह्याच्या वाटणीचं पीठ द्या."

"हो, ते देऊ की. पिठाबरोबर..." कारकून थांबला. त्याच्यासमोर सगळ्या टोप्या एकदम वर झाल्या होत्या.

"बोला ना," अल्फॉन्सिन म्हणाली. "पिठाबरोबर काय? जरा मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू येत नाही."

हमालांनी पोती खाली ठेवली होती. एक जण ओरडला, "हो साहेब, आम्हालाही ऐकू द्या! आमच्या बायकापण तेच विचारतात." दुसरा येऊन उभा राहिला, मग तिसरा. रस्त्यावरची माणसं काय चाललंय म्हणून थबकू लागली. कारकून आत गेला. वरच्या खिडकीत एक जाडसर चेहरा आला आणि मागे सरकला.

बायका पायऱ्यांवर बसल्या. ऊन डोक्यावर आलं. सिप्रियन दोनदा म्हणाला, "चला, आता पुरे," आणि दोन्ही वेळा वितालीननं त्याला कोट धरून खाली बसवलं. "बसा, मिस्टर सिप. तुम्ही आमचे नवरदेव आहात आज. नवरदेव असे पळून जात नाहीत." तो कपाळाला हात लावून हसला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. हमाल काही पुन्हा कामाला लागले नाहीत. एका जहाजाचा माल तसाच पडून राहिला, आणि बहुधा त्यामुळेच वरच्या चेहऱ्याला घाई झाली. दुपार कलता कलता कारकून पुन्हा बाहेर आला आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "पोती कुठे लादायची?"

"फक्त पोती?" सिप्रियननं विचारलं. त्याचा आवाज चिरकला, पण विचारलं त्यानंच.

"फक्त पोती."

त्या बेटावर लग्नं त्यानंतरही लागत राहिली. लढाई संपेपर्यंत कितीतरी गावांत लागली. कायदा भिंतीवर होता आणि व्यापारी वखारीत होते. आन्स कोरायमध्ये मात्र पुन्हा लागलं नाही. पीठ कमीच यायचं, कधी यायचंच नाही, पण आलं तर एकटं यायचं. पुढल्या वर्षी सिप्रियननं सापळे आणि पॉलिश एका अमेरिकन शिपायाला मातीमोल विकून टाकलं, आणि त्याचं काय केलं हे त्या शिपायालाच ठाऊक.

त्या शुक्रवारी परतीच्या बसच्या टपावर पोती बांधली होती. अरीमा गावाच्या पुढे रस्ता खराब झाला. प्रत्येक धक्क्याला शिवणीतून पीठ झिरपायचं आणि उघड्या खिडक्यांतून आत यायचं. बायकांच्या टोप्या, खांदे, पापण्या पांढऱ्या होत गेल्या. वितालीननं मुलीच्या नाकावरचं पीठ पुसलं आणि बोट चाटलं. तांती सेलेस्तनं गुणगुणायला सुरुवात केली तेव्हा ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "बायांनो, रस्त्यावर गाणं बंद आहे. माझी गाडी थांबवतील."

"थांबवू देत," अल्फॉन्सिन म्हणाली, आणि म्हातारीच्या आवाजात आपला आवाज मिसळला.